प्रेस शॉपचा लोटो कोर्स: माझ्या कामाच्या नोंदी

सोमवार, २७ जानेवारी २०२५

कंपन्यांसाठी कॉम्प्युटर-मोबाइलवरचे ट्रेनिंग कोर्स बनवणं हे माझं काम. आज नव्या कोर्सचा किकऑफ कॉल झाला. चाकणची कंपनी, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबतात, मेंटेनन्स आणि डाय (म्हणजे पत्रा दाबायचा साचा) सेटिंगच्या ९६ लोकांना लोटो शिकवायचंय. लोटो म्हणजे लॉकआऊट टॅगआऊट. मशीनमध्ये हात घालायच्या आधी तिची वीज, हवा, हायड्रॉलिक सगळं बंद करायचं, त्यावर स्वतःचं कुलूप मारायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे आपण आत असताना दुसरं कोणी बटण दाबू शकत नाही. बास, एवढंच. पण एवढ्यासाठी मला आलीय ६२ स्लाइडची इंग्रजी पीपीटी, पहिल्या ९ स्लाइड कंपनीच्या इतिहासाच्या, मग कारखाना अधिनियम १९४८ चं कलम २१ आणि २२ जसंच्या तसं, मग ओशाचं, म्हणजे अमेरिकेच्या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं १९८९ चं स्टँडर्ड, आणि प्रत्यक्ष कुलूप कसं लावायचं ते स्लाइड ४४ वर, एका फोटोत, तोही नेटवरून उचललेला, वॉटरमार्कसकट.

मागणी अशी: ४५ मिनिटांचा कोर्स, मराठी आणि हिंदी, शेवटी १० प्रश्नांची क्विझ, पासिंग ८० टक्के, आणि ४ मार्चला लाइव्ह. ४ मार्च राष्ट्रीय सुरक्षा दिन ना, १९६६ ला नॅशनल सेफ्टी कौन्सिल त्या दिवशी स्थापन झाली म्हणून. फेब्रुवारी जवळ आला की सगळ्या कंपन्यांना एकदम सेफ्टी ट्रेनिंग आठवतं, आमच्या धंद्याची ही लग्नसराई.

मी विचारलं, नेमकी अडचण काय आहे, कुणाला लागलंय का? दोन सेकंद शांतता. मग एचआर मॅडम म्हणाल्या, "ऑडिटमध्ये पॉइंट निघालाय, लोक कुलूप लावत नाहीत. अवेअरनेस कमी आहे." लिहून घेतलं. अवेअरनेस शब्द आला की मी वहीत शेजारी प्रश्नचिन्ह काढते, सवयच लागलीय.

गुरुवार, ३० जानेवारी

गुरुवार, म्हणजे लाइट नाही. लॅपटॉपच्या बॅटरीवर पीपीटी कापत बसले. इतिहास उडवला, कलमं दोन ओळींवर आणली. कलम २२ मात्र पूर्ण वाचलं, चालू मशीनजवळ काम करायचं तर खास ट्रेनिंग घेतलेला माणूस हवा आणि त्याचे कपडे घट्ट हवेत, आणि ते कपडे मालकाने द्यायचे, असं त्यात लिहिलंय. कपड्यांचं मला माहीतच नव्हतं. हे ठेवणार.

ट्रान्सलेशन एजन्सीकडून क्लायंटने आधीच मराठी करून घेतलीय म्हणे. फाइल उघडली तर बिगर-युनिकोड फॉन्टमधली, कोर्स बनवायच्या टूलमध्ये पेस्ट केल्यावर नुसता कचरा दिसतो. कन्व्हर्टरमधून काढली. काढली नसती तर बरं झालं असतं, कारण सातव्या स्टेपला लिहिलंय: "शून्य ऊर्जा स्थितीची पडताळणी सुनिश्चित करा."

प्लांट व्हिजिट मागितली. "पीपीटीत सगळं आहे ना?" असं उत्तर आलं. परत मागितली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मिळाली व्हिजिट. गेटवर इंडक्शन, दोन नंबर मोठे सेफ्टी शूज, कानात प्लग, आणि मी प्रेस शॉपमध्ये फटक फटक चालतेय.

नशीब म्हणा किंवा काही म्हणा, मी असतानाच एका प्रेसला ब्रेकडाऊन आला. पार्ट आहे की नाही ते बघणारा सेन्सर हललेला. वरच्या बोर्डवर लाल दिवा लागला आणि मिनिटं पडायला लागली, १, २, ३. मेंटेनन्सचे एक फिटर आले, पन्नाशीचे असतील, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी इमर्जन्सी स्टॉप दाबला, खांद्यापर्यंत हात आत घातला, पान्याने दोन फिरक्या दिल्या, हात बाहेर, इमर्जन्सी सोडला, प्रेस चालू. बोर्डवर ४ मिनिटं. माझ्या शेजारी उभे असलेले सेफ्टी ऑफिसर सर दुसरीकडे बघत होते.

इमर्जन्सी स्टॉप म्हणजे लोटो नाही, तो दाबलेला असतानाही पॅनलला सप्लाय असतो, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (प्रेशर साठवायच्या टाकीत) प्रेशर असतं, स्लाइड (पीपीटीची नाही, प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग) वर उचललेली असते आणि तिला खाली यायला वीजच लागते असं काही नाही. हे मला आठ दिवसांपूर्वी माहीत नव्हतं. मामांना वीस वर्षांपासून माहितीय.

चहाच्या वेळी मामांना विचारलं, लोटो येतं का तुम्हाला? त्यांनी बोटं मोजत सगळं सांगितलं, ऑपरेटरला सांगायचं, मशीन बंद, मेन आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) खाली, हवेचा कॉक बंद, कुलूप, टॅग, मग प्रेशर सोडायचं, स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक लावायचा, ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबायचं कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत, "आणि मग एकदा चालू करून बघायचं, होत नाही ना. झालं नाही तरच हात घालायचा." शून्य ऊर्जा स्थितीची पडताळणी अशी असते बघा.

मग आत्ता का नाही केलं? मामा हसले. म्हणाले, "ताई, चला माझ्याबरोबर, कुलूप आणू."

गेलो. शॉपच्या त्या टोकाला, जिना चढून मेंटेनन्स ऑफिस, तिथे कपाट, कपाटाला कुलूप, किल्ली शिफ्ट इंचार्जकडे, शिफ्ट इंचार्ज मीटिंगमध्ये. कपाट उघडल्यावर आत ६ कुलपं, एका शिफ्टला फिटर आणि इलेक्ट्रिशियन मिळून १४. मी मोबाइलवर टाइमर लावला होता, जाऊन येऊन ११ मिनिटं. आणि ब्रेकडाऊन १० मिनिटांच्या वर गेला की मामांना कागदावर कारण लिहून द्यावं लागतं.

आमच्या कामात एक जुना प्रश्न विचारतात: जिवावर बेतलं तर हे काम या माणसाला जमेल का? जमत असेल तर त्याला शिकवून काही फरक पडणार नाही, अडचण दुसरीकडे आहे. इथे तर जिवावरच बेतलेलं आहे आणि जमतंही. माझा ४५ मिनिटांचा कोर्स या ११ मिनिटांचं काय करणार?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

क्लायंटला मेल टाकला, फोटो लावून. प्रत्येक लाइनला कुलपांचा बोर्ड लावा, माणशी एक कुलूप द्या, लोटोला लागणारी मिनिटं ब्रेकडाऊनमधून वजा करा, नाहीतर कोर्स करून उपयोग नाही असं जरा गोड शब्दांत. उत्तर आलं: "नोटेड. स्टोरीबोर्ड कधी मिळेल?"

मिळेल. ४५ मिनिटं नाही करणार, १४ करणार, पाच प्रसंग. सेन्सर हललाय. दोघंजण एकाच मशीनवर, मग एका हॅस्पमध्ये (एकाच जागी अनेक कुलपं लावायची पट्टी) दोन कुलपं, माझं मी काढणार तुझं तू. स्लाइड अर्ध्यात अडकलीय. बाहेरच्या कंत्राटदाराचा वेल्डर आलाय आणि त्याच्याकडे कुलूपच नाही. आणि पाचवा माझा आवडता, शिफ्ट संपली, माणूस घरी गेला आणि कुलूप पॅनलवरच राहिलं. आता? बहुतेक लोक बोल्ट कटर म्हणतील. ओशाच्या नियमात तशी सोय आहे पण आधी तो माणूस आवारात नाही याची खात्री करा, त्याच्याशी संपर्क करायचा खरा प्रयत्न करा, आणि तो परत कामाला लागायच्या आधी तुझं कुलूप काढलंय हे त्याला सांगा. हे तिन्ही प्रसंगात घातलं.

सेफ्टी ऑफिसर सरांचा आग्रह, ऑडिओ संपेपर्यंत नेक्स्ट बटण चालू नको, नाहीतर लोक पुढे पळवतात. मी म्हणलं सर, नेक्स्ट अडवलं की माणूस मोबाइल उलटा ठेवून चहा प्यायला जातो. ते हसले, पण पटलं नाही. शेवटी ठरलं की नेक्स्ट नसणारच, प्रसंगात निर्णय घेतल्याशिवाय पुढचं उघडणार नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजचा दिवस भाषेचा. आधी मशीनचा आवाज लावून बघितला, कॉम्प्युटरची बाई. तिचे उच्चार ठीक आहेत, पण ती "कुलूप तुमचं, किल्ली तुमची" असं म्हणते जसं काही बँकेत लॉकर घेताय. शेवटी मामांनाच विचारलं. आधी नाही नाही म्हणाले, मग जेवणाच्या सुट्टीत ट्रेनिंग रूममध्ये आले, पंखा बंद, कंप्रेसरची घरघर तरी येतेच मागे. पहिले तीन टेक बातम्या वाचल्यासारखे. मी स्क्रिप्ट काढून घेतली आणि म्हणलं, नवीन पोरगा लागलाय, त्याला सांगा. मग जे आलं ते एका दमात, "हे बघ, इमर्जन्सीवर भरवसा ठेवायचा नाय, ती काय कुलूप नाय." ते 'नाय' मी ठेवलंय. एचआर मॅडम म्हणाल्या प्रमाण मराठी हवं, मी म्हणलं लेखी मजकुरात प्रमाणच आहे, आवाजात मामा आहेत.

ऑडिओवरून आठवलं. जे ऐकू येतंय तेच अक्षरशः स्क्रीनवर लिहू नये, मेंदूला दुप्पट काम पडतं, असं शिकण्याच्या मानसशास्त्रावर काम करणाऱ्या मायर यांच्या संशोधनातून आम्ही सगळेच शिकलोय आणि मी ते ज्युनिअरना ऐकवत असते. पण प्रेस शॉपमध्ये इअरफोनला परवानगी नाही आणि आवाज असा की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथे टॅबलेटवर ऑडिओ म्हणजे हलणारे ओठ. तर मजकूर पूर्ण ठेवला, ऑडिओला बंद-चालूचं बटण दिलं, ज्याला जे पाहिजे ते. स्वतःलाच ऐकवलेलं तत्त्व मोडताना जरा मजा आली.

जोडाक्षरं: पब्लिश केल्यावर 'प्रेस' मधला र पायातून सुटून बाजूला जाऊन बसतो आणि 'हॅस्प' चे तुकडे पडतात, तेही फक्त बटणांवर, बाकी मजकूर नीट. डेव्हलपर मुलीने बटणांवरचे शब्द सरळ चित्र करून टाकले. कुरूप उपाय आहे, स्क्रीन रीडरसाठी वेगळा ऑल्ट टेक्स्ट लिहावा लागला, पण चालतंय.

सोमवार, १७ फेब्रुवारी

रिव्ह्यू. ४३ कमेंट, त्यातल्या १९ लोगोबद्दल. हिंदीचं व्हॉइसओव्हर बिहारकडच्या एका डाय सेटर दादाने केलं, एका टेकमध्ये, त्याला दाद.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दोन दिवस आणि एक रात्र या एका गोष्टीत गेली, तर नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी कुणाला तरी उपयोगी पडेल.

लक्षणं: कोर्स अर्ध्यात सोडला आणि परत उघडला की आधी जिथे होतो तिथून सुरू व्हायला पाहिजे. पहिले तीन प्रसंग होतंय. चौथ्याच्या मध्यात सोडलं की परत तिसऱ्यावर आणतंय, कधी कधी पार सुरुवातीला. माझ्या ब्राउझरमध्ये होतंय, डेव्हलपर मुलीच्या मोबाइलमध्ये होतंय, म्हणजे डिव्हाइसचा दोष नाही.

आधी संशय पॅकेजवर, म्हणजे एलएमएसवर चढवायच्या कोर्सच्या झिपवर. (एलएमएस म्हणजे कोर्स चालवणारी आणि कुणी काय केलं याची नोंद ठेवणारी सिस्टिम.) इंटर्नने एकदा झिप करताना आख्खा फोल्डरच झिप केला होता, त्यामुळे मॅनिफेस्टची, म्हणजे पॅकेजमध्ये काय काय आहे त्या यादीची फाइल एक पायरी आत गेली आणि एलएमएसने पॅकेज घेतलंच नाही. ती फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीलाच लागते. ते झालं दुरुस्त. पण दुखणं ते नव्हतंच.

मग पॅकेज स्कॉर्म क्लाउड या चाचणीच्या साइटवर चढवलं. स्कॉर्म म्हणजे कोर्सने एलएमएसशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. तिथे कोर्स आणि एलएमएसमधलं सगळं बोलणं दिसतं, कुठली किंमत कधी पाठवली वगैरे. सस्पेंड डेटा नावाचं एक खोकं असतं, कोर्स आपली आठवण त्यात कोंबतो, कुठली स्लाइड पाहिली, कुठलं बटण दाबलेलं, कुठला थर उघडा. मी प्रत्येक स्क्रीननंतर त्याची लांबी मोजत गेले. तिसरा प्रसंग संपताना ३,८०० च्या आसपास. चौथ्याच्या दुसऱ्या निर्णयाला ४,०९६ ओलांडलं. झालं, सापडला चोर.

क्लायंटचा एलएमएस फक्त स्कॉर्म १.२ घेतो. १.२ मध्ये त्या खोक्याची मर्यादा ४,०९६ अक्षरं. काही एलएमएस मर्यादेकडे काणाडोळा करतात, हा नियमाने चालणारा निघाला. त्यापेक्षा जास्त पाठवलं की घेतच नाही, जुनीच किंमत ठेवतो, आणि माणूस परत आला की जुन्या जागी जाऊन पडतो. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच मर्यादा ६४,००० केलीय, पण एचआर मॅडमना विचारलं तर आयटीचं उत्तर आलं, "आमच्याकडे वन पॉइंट टूच आहे."

गंमत बघा, हे १.२ अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून २००१ साली आलं. त्या काळात आम्ही ज्यात कोर्स बनवायचो तो फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृतपणे संपला, २०१३ ला एक्सएपीआय हे स्कॉर्मनंतरचं नवीन स्टँडर्ड आलं आणि सगळे म्हणाले आता स्कॉर्म संपलं. आणि मी २०२५ मध्ये शनिवारी रात्री अक्षरं मोजत बसलेय.

उपाय: जिथे परत आल्यावर आधीची निवड दिसायची गरज नाही अशा सगळ्या स्लाइडना "परत आल्यावर मूळ स्थितीत" असं सेटिंग लावलं, त्यांची आठवण मग साठवलीच जात नाही. न दिसणारे जुने व्हेरिएबल काढले, २७ होते, त्यातले ११ कशाला केले होते कुणालाच आठवेना. कोर्स संपवल्यावरचा आकडा आता २,९०० च्या खाली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन, कंपनीच्या ग्रुपवर शुभेच्छांचं पोस्टर आलं आणि त्याच मेलमध्ये विचारणा, कोर्सचं नाव इंग्रजीत ठेवता येईल का, डॅशबोर्डवर मराठी चौकोन चौकोन दिसतंय. ठेवलं इंग्रजीत. लढाया निवडून लढाव्या लागतात आणि मला 'नाय' वाचवायचंय.

मंगळवार, ४ मार्च

लाइव्ह. झेंडा, शपथ, पेढे, मग कॅन्टीनमध्ये पाच टॅबलेट मांडले. मामांचा आवाज आल्यावर पोरं ओरडली.

सोमवार, १० मार्च

पहिला रिपोर्ट. आधी ४१ जणच पूर्ण दिसत होते, एचआर घाबरलं. कारण साधं होतं, १.२ मध्ये पूर्ण झाला आणि पास झाला यासाठी एकच रकाना, क्विझ पास झालेल्यांच्या रकान्यात 'पास्ड' येतं आणि रिपोर्टचा फिल्टर 'कम्प्लिटेड' शोधत होता. फिल्टर बदलला, ९६ पैकी ८८. सगळे खूश, ग्रुपवर टाळ्या.

मी तारीखवार यादी काढली, काढायला कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी २:१० ते ३:०५, एकाच टॅबलेटवरून, कंत्राटी कामगारांचे ९ टोकन नंबर, एकामागोमाग एक, प्रत्येकी सहा मिनिटं. आणि नऊच्या नऊ जणांचा सातवा प्रश्न चुकलाय, त्याच चुकीच्या पर्यायावर. बोट एकच होतं हे कळायला पोलीस नको. कंत्राटदाराच्या सुपरवायझरने सगळ्यांचा कोर्स स्वतःच उरकला. त्याचंही काय चुकलं म्हणा, त्या दिवशी माणसं कमी आणि टार्गेट तेवढंच. त्याने लोटोचा कोर्स नऊ वेळा केला आणि तरी सातवा प्रश्न चुकतोय, म्हणजे तो प्रश्नच मी वाईट लिहिलाय की काय हेही बघायला पाहिजे. (बघितलं. वाईट लिहिलाय. दोन नकार एका वाक्यात.)

सेफ्टी ऑफिसर सर: "म्हणून म्हणत होतो, नेक्स्ट अडवा."

बुधवार, १२ मार्च

मीटिंग. मी ८८ चा आकडा दाखवलाच नाही. मामांबरोबर मोजलेली ११ मिनिटं दाखवली आणि कुलपांच्या रजिस्टरचा फोटो, कोर्सच्या आधीच्या आठवड्यात ३ नोंदी, नंतरच्या आठवड्यात ४. किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या, आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, धंद्याला फायदा झाला का. आपण बहुतेक वेळा पहिलीवरच चहापाणी करून परत येतो. तिसरी इथे रजिस्टरमध्येच लिहिलेली होती, फुकट.

मेंटेनन्स हेड आत्तापर्यंत एका कॉलला आले नव्हते, आज आले, फोटो बघून म्हणाले कपाट वर कुणी ठेवलं? कुणी बोललं नाही, कपाट त्यांच्याच ऑफिसात आहे. तीन बोर्ड, माणशी एक कुलूप, टॅगवर फोटो, आणि लोटोची मिनिटं ब्रेकडाऊनमध्ये धरायची नाहीत, हे दहा मिनिटांत मंजूर. ७ फेब्रुवारीच्या मेलमधलंच सगळं. असो.

सोमवार, २४ मार्च

बोर्ड लागल्यापासून रजिस्टरमध्ये ५ दिवसांत ३१ नोंदी. मी परत मोठे शूज घालून जाऊन आले, मामांचं कुलूप लाल, नंबर ७, बोर्डवर नव्हतं, म्हणजे कुठेतरी लागलेलं होतं.

संध्याकाळी एचआर मॅडमचा फोन, आवाज तापलेला. शनिवारी पहिल्या शिफ्टचा एक इलेक्ट्रिशियन कुलूप पॅनलवर विसरून घरी गेला. दुसऱ्या शिफ्टच्या पोरांनी बोल्ट कटर आणला नाही. कोर्समध्ये सांगितलंय तसं आधी शॉपमध्ये शोधला, मग फोन केला, तो राजगुरुनगरला पोचला होता, तिथून परत आला, कुलूप काढलं. प्रेस ५० मिनिटं उभी. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतायत कोर्समधला तो पाचवा प्रसंग बदला, सरळ कटर वापरा असं लिहा.

मी म्हणलं, कटरची सोय आहे, पण तो कुणी वापरायचा, खात्री कुणी करायची, त्या माणसाला कळवलं याची सही कुठे, याचा तुमचा लेखी फॉर्म द्या. तर कळलं फॉर्म नाहीच. सेफ्टी ऑफिसर सर बनवणार आहेत, "या आठवड्यात".

सातवा प्रश्न दुरुस्त करून व्हर्जन ४ चढवलं, सस्पेंड डेटा परत मोजला, २,८७० आहे. पाचवा प्रसंग फॉर्म हातात आला की बदलेन, तोवर आहे तसा ठेवलाय.